टॅल्कीटनाला आईला घेऊन जातोय. हिमनदीवर उतरणारं विमान घ्यावं का?

लातूरकर_बार्शीरोड | १२ मार्च

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ सिएटलला असतो. जूनच्या शेवटी मी आणि आई त्याच्याकडं चाललोय आणि तिथून तिघं अलास्काला जायचं ठरतंय. भावाच्या डोक्यात टॅल्कीटना नावाचं एक गाव बसलंय. हजारभर वस्ती, एकच मुख्य रस्ता. तिथून छोटी विमानं डेनाली पर्वतावरून फिरवून आणतात आणि त्यातली काही थेट हिमनदीवर उतरतात म्हणे.

माझी अडचण आईची आहे. वय ६९, गुडघे दुखतात. बाबा गेल्यापासून लग्नकार्य सोडलं तर ती घराबाहेर पडलेली नाही. विमान दहा माणसांचं. माणशी साडेचारशे डॉलर, म्हणजे तिघांचे सव्वा लाखाच्या घरात जातात. आईला आकडा सांगितला तर म्हणाली, "एवढ्यात शेतात बोअर मारून झाला असता. बर्फ बघायला कशाला घालायलास?"

तिचं म्हणणं मी उडवून लावू शकत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात आम्ही लातुरातच होतो. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा गल्लीत टँकर कधी येईल म्हणून रात्री दोनला उठून घागरी मांडणारी ती बाई आहे. पाण्याचा आणि पैशाचा हिशोब तिला माझ्यापेक्षा चांगला कळतो. पण तिनं आयुष्यात एकदा तरी असं काही बघावं असंही मला फार वाटतंय.

तर ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. नुसतं वरून फिरवून आणणारं स्वस्तातलं घ्यावं, की उतरणारं? गुडघ्याच्या माणसाला जमतं का? ढग आले तर पैसे बुडतात का? आमच्या शहरातल्या एका एजंटनं अर्धा दिवस टॅल्कीटना असा बेत दिलाय, तो पुरतो का? आणि आई शुद्ध शाकाहारी आहे.

माजलगावकर | १२ मार्च

अर्धा दिवस अजिबात नको. आम्ही दोन वर्षांमागं तसंच केलं होतं. सकाळी अँकरेजहून निघालो, अकराला पोचलो, दुपारी एकचं विमान. बाराला निरोप आला की घाटात ढग बसलाय, आज उड्डाण नाही. पैसे सगळे परत मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण संध्याकाळी पुढच्या हॉटेलात बुकिंग, म्हणून निघावं लागलं. पोरगी गाडीत मागं तोंड करून बसली होती, डोंगर दिसेल म्हणून. नाही दिसला. दुसऱ्या दिवशी तिथं लख्ख ऊन पडलं होतं, हे आम्हाला दीडशे मैलांवर कळलं.

डेनाली इतका मोठा आहे की स्वतःचं हवामान स्वतः तयार करतो. तिथले लोक सांगतात, येणाऱ्यांपैकी तिघांत एकालाच तो नीट दिसतो. किमान दोन रात्री काढा, जमल्या तर तीन.

जिंतूरच्या_बाई | १३ मार्च

भाऊ, उतरणारंच विमान घ्या. आधी हे सांगून ठेवते, मग बाकीचं.

मी जिंतूर तालुक्यात ३१ वर्षं भूगोल शिकवला. दरवर्षी हिमनदीचा धडा यायचा. फळ्यावर एका बाजूला नदीची ‘व्ही’ आकाराची दरी काढायची, दुसऱ्या बाजूला हिमनदीची ‘यू’ आकाराची. मग हिमगव्हर, गिरिशृंग, लोंबती दरी, मेषशिला, पार्श्व हिमोढ, मध्य हिमोढ. पोरं पाठ करायची. मीही पाठच केलेलं होतं. आमच्या वर्गात बर्फ म्हणजे रसवंतीवर गोणपाटात गुंडाळलेली लादी, यापलीकडं कुणी काही बघितलेलं नव्हतं. एकदा सातवीतल्या एका पोरानं विचारलं, "बाई, बर्फाची नदी असते तर तिला पूर येतो का?" पुस्तकात नव्हतं. मी म्हणाले, बघून सांगते. सांगायचं राहून गेलं.

निवृत्त झाल्यावर लेकीकडं अँकरेजला गेलो, मी आणि हे. यांच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदललेल्या आहेत, म्हणून तुमच्या आईच्या प्रश्नाचं उत्तर मी अनुभवानं देऊ शकते. जावयांनी टॅल्कीटनाच्या दोन रात्री ठरवल्या होत्या. पहिल्या दिवशी उड्डाण रद्द झालं. गावात ऊन होतं आणि तरी रद्द, म्हणून मी कारण विचारलं. त्या मुलीनं काउंटरवर एक कोरा पांढरा कागद ठेवला आणि म्हणाली, यावर चढ कुठं आहे दाखवा. वर पातळ ढग असला की बर्फावर सावलीच पडत नाही. आभाळही पांढरं, जमीनही पांढरी, विमान जमिनीपासून पन्नास फुटांवर आहे की पाचवर हे वैमानिकाला डोळ्यांनी कळत नाही. रद्द झालं म्हणून माझा विश्वास वाढला. तुमचं रद्द झालं तर आईंना हे कारण समजावून सांगा, त्यांची भीती कमी होईल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातचं विमान मिळालं. संध्याकाळ म्हणायची एवढंच. जूनअखेरीला तिथं सूर्य साडेअकराच्या पुढं मावळतो आणि त्यानंतरही पेपर वाचता येईल एवढा उजेड राहतो. विमानतळ गावातच आहे, रुळ ओलांडला की पलीकडं, चालत गेलो. आधी प्रत्येकाचं वजन विचारतात, कपड्यांसकट खरं सांगायचं. विमानात समतोल साधून बसवतात म्हणून. बुटांवरून घालायला मोठे बूट तेच देतात. ऑटर नावाचं एका इंजिनाचं जुन्या घडणीचं विमान होतं, प्रत्येकाला खिडकी. चढायला चार पायऱ्यांची शिडी. यांनी एका हातानं दांडी धरली, खालून जावयांनी आधार दिला, झालं. गुडघ्यांचं काम एवढंच.

गाव सोडलं की आधी जंगल आणि तळी, मग नदीची करडी पात्रं, वेणी उलगडून टाकावी तशी शेकडो धारांत पसरलेली. आणि मग एकदम हिमनदीचं तोंड. ते पांढरं नसतं, हे मला माहीत नव्हतं. मैलोन्‌मैल दगडधोंड्यांचा राडा, आपल्याकडं खाणीच्या कडेला पडलेला असतो तसा. त्याच्या खाली बर्फ आहे हे मध्येच एखादं निळं डबकं दिसलं की कळतं. निळा म्हणजे कपड्यांना घालायच्या निळीचा निळा, अगदी तोच.

वर गेलं की पांढरं सुरू होतं आणि त्या पांढऱ्याच्या मधोमध एक काळी पट्टी, डांबरी सडकेसारखी, हिमनदीबरोबर वळणं घेत गेलेली. मी आधी रस्ताच समजले. मग वर बघितलं तर दोन हिमनद्या येऊन मिळत होत्या. एकीच्या उजव्या कडेचा दगडगोट्यांचा ढीग आणि दुसरीच्या डाव्या कडेचा, दोन्ही एकत्र येऊन मधली रेघ तयार झाली होती. मध्य हिमोढ! ३१ वर्षं फळ्यावर खडूनं काढलेली रेघ. मी कानाला लावलेल्या माइकमध्ये मोठ्यानं "मध्य हिमोढ" असं मराठीतच म्हणाले. जावयांनी वैमानिकाला इंग्रजीत सांगितलं की या भूगोलाच्या शिक्षिका आहेत. त्यानं विमान एका बाजूला कलतं केलं, मला नीट दिसावं म्हणून, आणि तीच रेघ पुन्हा दाखवली.

तिथून रूथ हिमनदीच्या घळीत शिरलो. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटच्या भिंती, बर्फापासून जवळजवळ दीड किलोमीटर सरळ वर. आपली वेरूळची लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली आहेत तो लाव्हाचा खडक साडेसहा कोटी वर्षांचा. हा ग्रॅनाइट साडेपाच कोटींच्या आसपासचा. म्हणजे आपला दगड थोरला. हे मी तिथं बसून यांना सांगितलं आणि यांना फार बरं वाटलं. आणखी एक सांगते. टॅल्कीटना समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभर मीटरवर आहे, तुमचं लातूर सहाशेच्या वर. तुम्ही त्या गावापेक्षा उंचावर राहता. आणि तिथून शंभर किलोमीटरच्या आत ६,१९० मीटरचा पहाड उभा आहे. आपलं कळसूबाई १,६४६. एवढा चढ एका दमात उभा म्हणून तो डोळ्यांत मावत नाही. एव्हरेस्ट उंच आहेच, पण तो मुळात उंच पठारावर उभा आहे.

घळीच्या वरच्या टोकाला बर्फाचं मोठं मैदान आहे, चारी बाजूंनी शिखरं. डॉन शेल्डन नावाच्या वैमानिकाचं नाव त्याला दिलंय. याच गावातून उडायचा, १९७५ मध्ये वारला. गिर्यारोहकांना हिमनदीवर नेऊन सोडायची आणि परत आणायची रीत त्यानं रुजवली. त्यानं १९६६ मध्ये तिथल्या एका खडकावर बांधलेली लाकडी झोपडी विमानातून दिसते. चाकांच्या बरोबरीनं खाली स्की असतात, त्या बाहेर येतात आणि विमान चढावर उतरतं. चढावर का, तर वेग आपोआप मरतो. परत निघताना तोंड फिरवून उताराला पळवतात.

इंजिन बंद झालं. मी खाली उतरले, बर्फ हातात घेतला. मला वाटलं होतं कापसासारखा असेल. उन्हाळ्यातला तो बर्फ भिजवलेल्या साबुदाण्यासारखा असतो, दाणा दाणा मोकळा, हाताला ओला आणि पारदर्शक. यांनी मूठभर घेतला, कपाळाला लावला आणि तसेच उभे राहिले. कितीतरी वेळ कुणीच काही बोललं नाही.

मग समोरच्या भिंतीवरून पांढरा धूर निघाल्यासारखं दिसलं. बर्फ सुटला होता. आवाज नाही. मला सवय आहे, मी मोजायला लागले, वीज चमकल्यावर पोरांना मोजायला लावायचे तसं. एक, दोन, तीन... सहाला गडगडाट आला. सहा सेकंद म्हणजे दोन किलोमीटर. मला ती भिंत दोनशे मीटरवर वाटत होती! तिथं झाड नाही, घर नाही, माणूस नाही, मग डोळ्यानं माप कशाशी लावायचं? आईंना हे नक्की करायला सांगा. बर्फ सुटला की मोजायचं आणि तीननं भागायचं.

परतताना मी वैमानिकाला त्या पोराचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, येतो पूर. डेनालीच्या उत्तर अंगाला मुल्ड्रो नावाची हिमनदी आहे. ती १९५६-५७ मध्ये एकदा सुटली होती, मग साठ-पासष्ट वर्षं सावकाश सरकत राहिली आणि २०२१ मध्ये पुन्हा सुटली. बर्फाखाली पाणी साठत जातं, तळ निसरडा होतो आणि एक दिवस अख्खी नदी नेहमीच्या कितीतरी पट वेगानं सरकायला लागते, वरचा बर्फ चिरफाळून निघतो. याच गावच्या एका वैमानिकानं उडता उडता ते पहिल्यांदा टिपलं होतं.

तो पोरगा आता बोरीला ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याच रात्री अकराला, उजेडातच, मी त्याला फोन लावला. आपल्याकडं दुपार होती. म्हणाले, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, पूर येतो. त्याला प्रश्न आठवत होता.

म्हणून म्हणते, वरून फिरवून आणणारं घेऊ नका. ऑक्सिजन लावून शिखराच्या उंचीवर नेणारीही विमानं आहेत, पण त्यातली काही उतरत नाहीत. खिडकीतून बघणं आणि त्यावर पाय ठेवणं यात फार अंतर आहे. उतरण्याची जागा साधारण पावणेदोन हजार मीटरवर आहे, श्वासाचा त्रास होत नाही. काळा चष्मा मात्र हवाच, बर्फावरचं ऊन डोळ्यांना खुपतं. आणि निघण्यापूर्वी स्वच्छतागृहाला जाऊन या. सगळं मिळून दीड तास जातो, वर सोय नाही.

नांदेडचा_अँकरेजला | १३ मार्च

बाईंनी सगळं सांगितलंच आहे, मी इथं राहतो म्हणून थोडी भर घालतो.

अँकरेजहून गाडीनं सव्वादोन-अडीच तास. पार्क्स हायवेला ९८ मैलांच्या पुढं उजवीकडं फाटा आहे, तिथून आणखी १४ मैल. गावाच्या अलीकडं मैलभरावर डोंगर दिसायची जागा केलेली आहे, गाडी तिथं थांबवाच. तीन मोठी शिखरं ओळीनं दिसतात. इथल्या मूळच्या देनाइना लोकांच्या बोलीत फोरेकर म्हणजे डेनालीची बायको आणि हंटर म्हणजे त्याचं लेकरू. आईंना असं सांगितलं तर कोणतं शिखर कोणतं हे त्या विसरणार नाहीत.

नावाचा घोळ होऊ नये म्हणून सांगतो. पर्वताचं सरकारी नाव २०१५ मध्ये डेनाली झालं आणि जानेवारी २०२५ मध्ये अध्यक्षांच्या आदेशानं पुन्हा मॅकिन्ली झालं. अलास्काचं राज्य मात्र १९७५ पासून डेनालीच म्हणतंय आणि गावातही तेच ऐकू येईल. नकाशावर काहीही असलं तरी पर्वत एकच.

विमानाची वेळ शक्यतो पोचलात त्याच दिवशीची घ्या. रद्द झालं तर दुसरा दिवस हातात राहतो. बरेच जण शेवटच्या दिवसाची घेतात आणि मग रडत परत जातात.

ढग असले तरी गावात बसून कंटाळा येणार नाही. रस्ता संपतो तिथं नदीकाठ आहे. टॅल्कीटना, सुसिटना आणि चुलिटना अशा तीन नद्यांचा संगम. पाणी करडं, सिमेंट कालवल्यासारखं. ते घाण नाही. हिमनदी खडक दळते, त्याचं पीठ त्यात असतं. बाईंनी सांगितलेल्या रूथचं पाणी चुलिटनातून इथंच येतं. बाटलीत भरून रात्रभर ठेवा, सकाळी तळाशी शाडूसारखा मऊ गाळ बसलेला दिसेल.

गिर्यारोहकांची नोंदणी होते ते रेंजर स्टेशन जरूर बघा. त्याला वॉल्टर हार्परचं नाव आहे. ७ जून १९१३ ला चौघं शिखरावर पोचले, त्यात पहिलं पाऊल या विशीतल्या मूळनिवासी पोरानं ठेवलं. जूनमध्ये तिथं उन्हानं नाक सोललेली, तीन आठवडे अंघोळ न केलेली माणसं बर्फातून उतरून आलेली भेटतात. बोलतात छान. गावच्या दफनभूमीत पर्वतावर गेलेल्यांचं स्मारक आहे. आई जाणार असतील तर त्यांच्याबरोबर शांतपणे जाऊन या.

आणि ऊन असो वा ढग, हरिकेन टर्न रेल्वे. मला अलास्कात सगळ्यात जवळची वाटते ती हीच. पुढच्या जंगलात रस्ता नाही, पण माणसं राहतात. रुळाच्या कडेला उभं राहून पांढरं फडकं हलवलं की गाडी थांबते. कुणी किराणा चढवतं, कुणी कुत्रं. पूर्णा-अकोला लाइनला मीटरगेज होती तेव्हा माझे आजोबा हात करून गाडी थांबवल्याचं सांगायचे, ते इथं डोळ्यांनी बघितलं. उन्हाळ्यात आठवड्यातले काहीच दिवस धावते, आधी बघून घ्या.

शाकाहाराचं: सकाळी आंबवलेल्या पिठाचे पॅनकेक आणि बर्चच्या झाडाचा पाक मिळतो, फळांचे पाय मिळतात. अंड्याचं विचारून घ्या, पॅनकेकमध्ये असतं. दोन वेळचं जेवण म्हणून ते चालणार नाही. अँकरेजला स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि आईंना धपाटे करून घेऊ द्या. तीन दिवस टिकतात, इथल्या थंडीत जास्तच. शेंगदाण्याची चटणी भारतातून चालते. ताजी फळं, भाज्या आणू नका, विमानतळावर काढून घेतात.

डासांचं मलम घ्या. जूनमधले डास गोदाकाठच्या डासांपेक्षा मोठे आणि धीट असतात.

लातूरकर_बार्शीरोड | १५ मार्च

बाई, तुमचं सगळं मी काल रात्री आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. साबुदाण्याच्या ठिकाणी हात थांबला. मग म्हणाली, परत वाच.

एजंटचा बेत रद्द केला, टॅल्कीटनाच्या तीन रात्री घेतल्या. उतरणारं विमान पोचल्याच्या दिवशी संध्याकाळचं.

आता आईचे दोन प्रश्न आहेत, तिनं विचारायलाच सांगितलेत. सूर्य मावळतच नसेल तर देवापाशी दिवा कधी लावायचा? आणि त्या हिमनदीतलं पाणी पिता येतं का?

जिंतूरच्या_बाई | १५ मार्च

दिवा मी घड्याळ बघून सातला लावत होते. दुसऱ्या दिवसापासून सवय होते. खोलीत ज्योत पेटवायची परवानगी नसते, म्हणून बॅटरीवरची पणती नेली होती. आईंनाही तीच द्या.

पाण्याचं मी तिथं विचारलं होतं. वरचा बर्फ स्वच्छ दिसतो तरी खाऊ नका म्हणाले. आईंना इतकंच सांगा की रूथचा बर्फ एका जागी थांबलेला नाही. घळीत तो दिवसाला साधारण मीटरभर सरकतो. त्या ज्या बर्फावर उभ्या राहतील तो खाली गावापर्यंत पाणी होऊन यायला त्यांच्या नातवंडांच्या पुढची पिढी उजाडेल.

बोअरचं त्यांचं म्हणणं खरं आहे, ते खोडून काढू नका. मीही तिथं उभी राहिले तेव्हा येलदरीचं धरण आठवलं. उन्हाळ्यात तळ दिसतो ते. एवढं पाणी एका जागी, गोठलेलं आणि सरकणारं, आणि आमच्या शाळेत मार्चनंतर हातपंपाला पाणी नसायचं. ते मनात येणारच. येऊ द्या.

लातूरकर_बार्शीरोड | २७ जून

टॅल्कीटनाहून लिहितोय. रात्रीचे साडेदहा झालेत आणि खिडकीतून ऊन आत येतंय. आजचं विमान रद्द झालं. मी काउंटरवरून परत येऊन आईला कोरा कागद दाखवला, तुमच्यासारखाच. तिनं बराच वेळ बघितला आणि म्हणाली, बरोबर आहे पोराचं, उगं कशाला जीव घालायचा.

दुपारी नदीकाठी गेलो. आईनं चप्पल काढून पाय घातले आणि झटक्यात बाहेर काढले, पाणी इतकं गार. मग बाटली भरून घेतली. ती आत्ता टेबलावर आहे. वरचं बोटभर पाणी निवळलंय, खाली अजून दुधासारखं. दर अर्ध्या तासानं उठून बघतेय.

उद्या सकाळी नऊची वेळ मिळालीय. डोंगर अजून एकदाही दिसलेला नाही.

जिंतूरच्या_बाई | २७ जून

गावातून दिसला नाही म्हणून थांबू नका, साडेआठला विमानतळावर जाऊन बसा. खाली ढग आणि वर लख्ख असं बऱ्याचदा असतं, ते वैमानिकालाच कळतं. आईंना डाव्या-उजव्या खिडकीचा आग्रह धरू देऊ नका, वैमानिक दोन्ही बाजूंना वळवतो. बाटली मात्र खोलीवरच राहू द्या, हलवली की पुन्हा गढूळ होईल.